इंजिन चालू झालं की गाणं बुडतं: बोटीवरचा आवाज नेमका कुठे गळतो?

श्रावण लागला की माझ्याकडे एकच तक्रार यायला लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या. बंदी उठते, नारळी पौर्णिमा तोंडावर येते, रंगाचा हात फिरतो, पताका चढतात, आणि मग कोणीतरी खिशातला छोटा एमपी-थ्री प्लेयर नाहीतर मोबाईल काढून बोटीच्या स्टीरिओला जोडतो. बोट उभी असताना आवाज बरा वाटतो. इंजिन सुरू झालं की गाणं बुडालं. व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला तरी केबिनच्या बाहेर काही पोचत नाही, पोचलं तर फाटलेलं पोचतं.

मी वेसाव्याचा. बोटींची वायरिंग आणि साउंड बघतो. ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा ठरवूनच आलेला असतो: "ॲम्प्लिफायर लहान पडतोय, मोठा कुठला घेऊ?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. आधी एक रुपयाही खर्च करू नका. प्लेयरपासून कानापर्यंत जाताना आवाज सहा-सात सांध्यांतून जातो आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा गळतो. ती गळती शोधायची.

माझ्या मामांनी हे केलं नाही. त्यांनी मला न विचारता, खोक्यावर '१००० वॅट' छापलेला ॲम्प आणला. आवाज पूर्वी होता तितकाच राहिला, वर पहाटे बॅटरी इंजिनाला दम देईना. त्या ॲम्पला फ्यूज होता ३० अँपिअरचा. १२ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे फार तर ३६० वॅट आत जाणार, त्यातला काही भाग उष्णतेत जाणार. मग बाहेर १००० कुठून येतील? खोक्यावरचा आकडा न वाचता फ्यूजचा आकडा वाचायचा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. गाडीच्या साध्या स्टीरिओवर '५० गुणिले ४' लिहिलेलं असतं तेही क्षणभराच्या उसळीचं माप आहे. ४ ओहमच्या स्पीकरवर एका चॅनेलला साधारण १८ ते २० वॅट सलग मिळतात. आणि नीट वापरले तर ते बोटीला पुरतात.

आधी एफएम लावा

सगळ्या तपासणीत हीच पायरी सगळ्यात मोलाची, आणि तिला एक पैसाही लागत नाही. बोट बंदरात असतानाच स्टीरिओवर एफएमचं एखादं खणखणीत लागणारं स्टेशन धरा आणि व्हॉल्यूमचा आकडा, समजा, २० वर ठेवा. आता आकड्याला हात न लावता ऑक्सवर, म्हणजे बाहेरचा प्लेयर जोडायच्या भोकावर, या आणि प्लेयर लावा.

एफएम जोरात आणि प्लेयर मंद असेल तर बॅटरी, ॲम्प, स्पीकर सगळे ठीक आहेत. दोष प्लेयर, त्याची केबल किंवा ऑक्सच्या सेटिंगमध्ये आहे. एफएमही तितकंच मंद असेल तर प्लेयर निर्दोष आहे, दोष स्टीरिओच्या पुढे, म्हणजे वीज, वायर किंवा स्पीकरमध्ये आहे. नुसता ॲम्प असेल, रेडिओ नसेल, तर घरचा जुना डीव्हीडी प्लेयर आणून लावून बघा. त्याच्या लाल-पांढऱ्या पिनांतून साधारण २ व्होल्टचा सिग्नल मिळतो, त्यापुढे छोटा प्लेयर किती कमी पडतो ते लगेच कानाला कळतं.

माझ्या अनुभवात जास्त करून पहिलाच प्रकार निघतो. म्हणून प्लेयरबद्दल जरा सविस्तर सांगतो.

प्लेयर ओरडत का नाही

हेडफोनच्या भोकातून निघणारा सिग्नल कानात घालायच्या इवल्याशा स्पीकरसाठी बनवलेला असतो. पूर्ण व्हॉल्यूमला तो साधारण अर्धा ते एक व्होल्ट भरतो. पण युरोपात कान सांभाळण्यासाठी मर्यादा घातलेली आहे, आणि त्या मर्यादेत बांधलेला प्लेयर १५० मिलिव्होल्टच्या आसपासच थांबतो. एक व्होल्ट आणि १५० मिलिव्होल्ट यांच्यात साधारण १६ डेसिबलचं अंतर पडतं. कानाला १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हे अंतर जवळपास तिपटीचं झालं. उलट बाजूने बघा: १६ डेसिबल वाढवायला ॲम्पला ४० पट वीज लागते. प्लेयरच्या एका सेटिंगमध्ये जे हरवलं, ते भरून काढायला २० वॅटच्या जागी ८०० वॅट! मोठा ॲम्प आधी घेऊ नका म्हणतो ते याच हिशेबामुळे. २० वॅटचा ॲम्प बिचारा अर्ध्या वॅटवरच चालत असतो, कारण त्याला पुढे ढकलणारा सिग्नलच आलेला नसतो.

तेव्हा प्लेयरची सेटिंग उघडा. व्हॉल्यूम लिमिट असं काही असेल तर काढून टाका. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेतल्या प्लेयरमध्ये प्रदेश निवडायचा असतो, तिथे युरोप निवडलेलं असेल तर बदला. आखातातून किंवा बोटीवरच्या नोकरीतून कोणी भाऊ-भाचा प्लेयर घेऊन आला असेल तर हे आवर्जून बघा. आयपॉडमध्ये व्हॉल्यूम लिमिट आणि साउंड चेक दोन्ही बघावे लागतात. साउंड चेक सगळी गाणी एका पातळीवर आणतो, आणि ते करताना जोरकस गाणी खाली येतात. इक्वलायझर आहे तर तो सपाट करा. तो बास वर नेण्यासाठी बऱ्याचदा बाकीचा आवाज खाली ओढतो.

फोनला हेडफोनचं भोक नसेल आणि छोटा डोंगल लावला असेल तर तो डोंगल बदलून बघा. एका कंपनीचा डोंगल दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला की काही वेळा आवाज निम्म्यावरच राहतो आणि फोनवर व्हॉल्यूमची पट्टी मात्र पूर्ण भरलेली दिसते. ब्लूटूथ असेल तर फोनचा व्हॉल्यूम वेगळा आणि स्टीरिओचा वेगळा असू शकतो, दोन्ही वर न्या. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करायची सोय असते, ती करून एकदा फोन पुन्हा जोडा. कित्येक स्टीरिओंना एवढ्यानेच जाग येते.

गाण्यांकडेही बघा. कॅसेटवरून उतरवलेली जुनी कोळीगीतं मुळातच मंद भरलेली असतात आणि त्यांच्या शेजारी आजचं डीजे मिक्स चौपट जोरात वाजतं. एमपी-थ्री-गेन नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो फाईल नव्याने कॉम्प्रेस न करता आतली पातळी दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी वर-खाली करतो. मूळ पातळी तो ८९ डेसिबलवर धरतो. बोटीसाठी मी ती ९२-९३ ला नेतो. त्याहून वर गेलं की गाणी फाटायला लागतात.

आता केबल. एक लक्षण लक्षात ठेवा: ढोलकी, बेंजो ऐकू येतो पण गाणाऱ्याचा गळा गायब, जणू पोकळीतून येतोय. हे ऐकलं की मी डोळे मिटून सांगतो, जॅकची अर्थ, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची वायर, सुटलेली आहे. अर्थ तुटली की डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक स्पीकरपर्यंत जातो, आणि गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असल्यामुळे तो एकमेकांत पुसला जातो. कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं. मोबाईलचं जाड कव्हर जॅकला शेवटपर्यंत आत जाऊ देत नाही. कव्हर काढा, पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा.

बोटीवर एकच भोंगा आहे म्हणून डावी-उजवी वायर थेट पिळून एकत्र करणारेही खूप आहेत. त्यात प्लेयरचे दोन चॅनेल एकमेकांशी भांडतात आणि आवाज पडतो. दोन्ही वायरींत ४७० ओहम ते १ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडा. लॅमिंग्टन रोडला रेझिस्टर काही रुपयांत मिळतात.

गेनचं बटण

वेगळा ॲम्प असेल तर त्याच्यावर गेन किंवा लेव्हल लिहिलेला छोटा स्क्रू असतो. त्याच्या एका टोकाला ६ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट. माणसाला वाटतं मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज, आणि तो ६ कडे फिरवतो. होतं नेमकं उलट. ६ म्हणजे 'मला ६ व्होल्ट मिळाले तरच मी पूर्ण ताकद देईन'. छोट्या प्लेयरला ०.२ च्या जवळ जावं लागतं.

पद्धत अशी. प्लेयरचा व्हॉल्यूम ८०-८५ टक्क्यांवर ठेवा, पूर्ण नको, कारण पूर्णला काही प्लेयर स्वतःच फाटतात. स्टीरिओ असेल तर त्याचा व्हॉल्यूम पाऊण भागावर. गेन अगदी खाली, म्हणजे ६ व्होल्टच्या टोकाला, ठेवून सुरुवात करा आणि गाणारीचा आवाज चिरकायला लागेपर्यंत हळूहळू वाढवा, मग थोडा मागे या. तिथेच ठेवा, पुढचं सगळं प्लेयरवरून करा. स्टीरिओच्या मेन्यूत ऑक्स लेव्हल किंवा सोर्स गेन असेल तर तो आधी वाढवा, तो बहुधा कोणी उघडलेलाच नसतो. एवढं करूनही सिग्नल कमी पडला तर लाईन ड्रायव्हर नावाचा, सिग्नल वाढवणारा छोटा प्रीॲम्प मिळतो. ॲम्प बदलण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

वीज: बॅटरीवर नाही, स्टीरिओवर मोजा

मामांचा ॲम्प परत नेल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट. गाणं जोरात लावून स्टीरिओच्या मागच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मोजलं तर ९.८. मधले पावणेतीन व्होल्ट वायरने खाल्ले होते. बॅटरी इंजिनाशेजारी, केबिन आठ मीटरवर, आणि वायर कोणीतरी घरातल्या बल्बाची घातलेली, ०.७५ चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या तसल्या वायरला मीटरमागे साधारण पंचवीस मिलि-ओहम. जाऊन-येऊन १६ मीटर धरले तर ०.४ ओहम. ७ अँपिअर ओढले की पावणेतीन व्होल्ट गेलेच.

एवढ्याने आवाज निम्मा होत नाही, खरं सांगायचं तर दोनच डेसिबल पडतात. पण गाण्याचा प्रत्येक ठोका आला की व्होल्टेज खाली बसतं आणि आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजामुळे आपण व्हॉल्यूम खाली आणतो. कधी स्टीरिओ ठोक्यावर बंद होऊन पुन्हा चालू होतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तीही थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज घालून, आणि स्टीरिओवर १२ व्होल्टच्या वर मिळायला लागलं. बोटीसाठी कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळं पडत जातं.

ज्यांच्या बोटीवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत त्यांनी स्टीरिओ एका बॅटरीवर लटकवू नये. ती एकटी रिकामी होत राहते, दुसरी जास्त चार्ज होत राहते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि तो १० अँपिअरचा तरी घ्या.

स्पीकर

एफएमही मंद असेल तर दोष इथे सापडतो.

सगळ्यात आधी वायर वाचवण्याची सवय मोडा. चार स्पीकरांचे चार काळे धागे एकत्र करून एकच वायर मागे आणतात, बल्बांना करतात तसं. हल्लीच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल असतो, काळी वायर अर्थ नसते. ती एकत्र केली किंवा बोटीच्या लोखंडाला टेकवली की आवाज चिपाड होतो, स्टीरिओ तापून गप्प बसतो, आणि नशीब वाईट असेल तर आतला आयसी जातो. प्रत्येक स्पीकरला आपली दोन वायरींची जोडी हवी.

मग दिशा बघा. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि मधोमध उभं राहिलं की बास नाहीसा होतो. घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकर स्टीरिओपासून सोडवा आणि त्याच्या टोकांना सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस ज्या टोकाला लावल्यावर कोन बाहेर येतो ते प्लस. सगळ्यांवर लाल रंगाचा ठिपका द्या.

स्पीकर नुसता प्लायवुडच्या फळीत कापून बसवला आणि मागून उघडा असेल तर मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो. मागे बंद पेटी केली की तोच स्पीकर भरदार होतो. कागदी कोनचा स्पीकर बोटीवर आणूच नका, एका पावसाळ्यात तो पुरीसारखा फुगतो. पॉलिप्रॉपिलीनचा कोन घ्या.

घेताना वॅट न विचारता सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला स्पीकर किती जोरात वाजतो ते, विचारा. ८८ डेसिबलच्या जागी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर ती ३ डेसिबलची वाढ म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट केल्यासारखी आहे, आणि तिला बॅटरीतून काही लागत नाही. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसणाऱ्या खलाशांपर्यंत पोचायचं असेल तर भोंग्यासारखं काही नाही. एका वॅटला तो १०० डेसिबलच्या पुढे जातो. त्यात बास नसतो, पण गाण्याचा शब्द न शब्द पोचतो.

भोंग्याचा एक सापळा मात्र आहे आणि त्यात मी दरवर्षी कोणाला तरी अडकलेलं बघतो. मंडपवाल्याकडचा भोंगा आणला, स्टीरिओला जोडला, आणि डासाएवढा आवाज. त्या भोंग्यात लाईनचा ट्रान्सफॉर्मर असतो. १०० व्होल्टच्या लाईनवर १० वॅटला लावलेला भोंगा स्टीरिओला १००० ओहमचा दिसतो, आणि स्टीरिओच्या सात-आठ व्होल्टांतून त्याला ०.०६ वॅट मिळतात. आतला ट्रान्सफॉर्मर बाजूला करून युनिटच्या ८ किंवा १६ ओहमच्या टोकांवर थेट जोडा. त्याच दिवशी गाव जागं होईल एवढा फरक पडतो.

एका चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका. २ ओहम होतात आणि साधा स्टीरिओ तापून आवाज कापतो.

इंजिनाशी झगडू नका

डिझेल इंजिनाची घरघर खालच्या सुरांत असते, तिथे बास कितीही वाढवला तरी तो घरघरीत विरतो आणि ॲम्पची बहुतेक ताकद त्यातच जाते. उलटं करा. ॲम्पवर हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारं बटण, असेल तर तो १०० हर्ट्झला लावा, बास दोन घर खाली आणा. वाचलेली ताकद गळ्याला आणि टाळीला मिळते, १ ते ४ किलो-हर्ट्झच्या पट्ट्याला, जिथे शब्द कळतात. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज वाढला. माझा यावर एवढा विश्वास आहे की वरचं सगळं करायच्या आधी हे करून बघा म्हणेन.

आणि स्पीकर माणसाजवळ आणा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. चार मीटरवरचा स्पीकर दोन मीटरवर आणला तर ॲम्प चौपट केल्यासारखं आहे. डोक्याच्या उंचीवर, कानाकडे तोंड करून लावा, इंजिनाच्या झाकणाकडे पाठ ठेवून.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल आणि प्लेयर बोटीवरच्या चार्जरला लावलेला असेल तर चार्जर काढा. शीळ गेली तर अर्थ दोन वाटांनी फिरतेय. ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, नाहीतर पॉवर बँकेवर प्लेयर चालवा. आयसोलेटर थोडा बास खातो, पण तो आपण तसाही कमी केलाय.

खारं वारं

गेल्या वर्षी नीट वाजणारी बोट यंदा मंद वाजते, तर ऑक्सच्या पिना आणि आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या पिना, काढून बघा. हिरवट थर दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या महिन्यात थर दुप्पट येतो. पिळलेले जोड कापून टाका, क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. बंदीच्या दोन महिन्यांत स्टीरिओची फेसप्लेट आणि ऑक्स केबल घरी न्या, तांदळाच्या डब्यात नको, सुक्या कपाटात.

स्पीकरची जागा ठरवताना होकायंत्र कुठे आहे ते आधी बघा. स्पीकरच्या मागे मोठं चुंबक असतं आणि जवळ आलं की काटा सरकतो. मी किमान एक मीटर सोडतो, आणि लावून झाल्यावर ओळखीच्या खुणेकडे बोटीचं तोंड धरून काटा पुन्हा तपासतो. व्हीएचएफ रेडिओचा, संकटाच्या हाकेचा सोळा नंबर चॅनेल ज्या स्पीकरवर लावलाय त्याच्याशेजारी गाण्याचा स्पीकर नको, आणि स्टीरिओला म्यूटचं बटण बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हाताशी हवं. बंदरात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे, तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री जोडणी तपासायची झाली तर हेडफोनवर आणि मीटरवर तपासा. पूर्ण आवाजाची चाचणी सकाळी, इंजिन चालू करून, बोट पाण्यात असताना घ्या. उभ्या बोटीवर लावलेला गेन दर्यात गेल्यावर चुकीचाच निघतो.